खांबामागची खाट

मोठ्या हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या माणसाला शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात. "तुमचं हॉस्पिटल कसं आहे हो? मेव्हण्याला तिथे न्यावं म्हणतोय." मोठी मावशी या प्रश्नाला जन्मभर एकच उत्तर देत आली, "डॉक्टर चांगले आहेत." तेवढ्यानं विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं, आणि बाकीच्या गोष्टींबद्दल खोटं बोलायची वेळ तिच्यावर यायची नाही.

खरं तर तिच्याकडे याहून नेमकं उत्तर होतं, पण ते जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. बायकांच्या हाडांच्या वॉर्डात ती आया, म्हणजे सगळ्यांची मावशी, म्हणून लागली तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता केस पांढरे झाले आणि वॉर्ड तसाच राहिला. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, दाराशी सिस्टरचं टेबल आणि पार टोकाला एक जाडजूड खांब. त्या खांबामागे एक खाट आहे, ती टेबलावरून दिसत नाही. दाराजवळच्या बाईला येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, "काय, बरं वाटतंय ना?" तिची उशी न सांगता सारखी होते, पाण्याची बाटली रिकामी राहत नाही. खांबामागच्या बाईच्या पाण्याची आठवण तिला स्वतःलाच करून द्यावी लागते. दोघी घरी जातात. दाराजवळची सांगते, देवमाणसं आहेत हो तिथे. खांबामागची सांगते, वैऱ्यावरही तिथे जायची वेळ येऊ नये. दोघीही खरंच बोलत असतात. त्याच डॉक्टरांनी, त्याच सिस्टरनी, त्याच मावशीनं दोघींचं केलेलं असतं.

प्रत्येक खाटेला वायरच्या टोकाला एक बटण असतं. ते दाबलं की टेबलाजवळ त्या खाटेचा लाल दिवा लागतो आणि किरकिर सुरू होते. मदत लागल्यास बटण दाबा, असं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. भिंतीला काय जातंय लिहायला? धावायचं असतं मावशीला, आणि तिला पाय दोनच. दुपारच्या पाळीला जेमतेम दोघी मावश्या, खाटा सगळ्या भरलेल्या. एकीला बेडपॅन हवं, दुसरीला कूस बदलायची, तिसरीला एक्स-रेला न्यायचं. त्यात एखादी अशी निघते की तिचं बोट बटणावरून हलतच नाही. पंखा वाढवा, पंखा कमी करा, किती वाजले, माझा मुलगा आला का. अशा बाईला वॉर्डात नाव पडतं घंटावाली. हे नाव मोठ्या मावशीनंच पाडलेलं.

आणि खिळाही तिचाच. फार वर्षांपूर्वी खांबामागच्या खाटेवर अशीच एक घंटावाली होती. मावशीचा जीव मेटाकुटीला आला. वॉर्डातली कपाटं दुरुस्त करायला सुतार आला होता, त्याला तिनं हाताशी धरलं आणि त्या खाटेच्या डोक्यामागे, झोपलेल्या माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, भिंतीत एक खिळा ठोकून घेतला. "पक्का बसव बाबा, हलता कामा नये," असं वर बजावलं. दुपार झाली की बटणाची वायर त्या खिळ्याला अडकवायची. संध्याकाळी नातेवाईक भेटायला यायच्या आत ती काढून पुन्हा उशाशी ठेवायची. तेव्हापासून वॉर्डात रीतच पडली. कुणी फार बटण दाबायला लागली की तिची खाट बदलून तिला खांबामागे न्यायचं. हेड सिस्टरना हे माहीत होतं, आणि विचारलं तर माहीत नव्हतं.

कुणी म्हणेल, काय दगडाच्या काळजाच्या बायका. म्हणणाऱ्यानं एक दुपार ती पाळी करून बघावी. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण काही कुणी आरामखुर्चीत बसून बनवलेली नाही.

मोठी मावशी पडली ती मात्र हॉस्पिटलात नाही, स्वतःच्या घराच्या जिन्यावर. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन वर चढताना पाय मुरगळला आणि ती खालच्या वळणापर्यंत घसरत आली. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी विचारलं, कुठे न्यायचं? ती कण्हत म्हणाली, "आमच्याकडेच न्या. डॉक्टर चांगले आहेत."

आणि ते होतेच चांगले. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर खाटेशी स्टूल ओढून बसले, रोजच्यासारखे उभ्या उभ्या बोलले नाहीत. "मावशी, तुम्ही घरातल्या, म्हणून स्पष्ट सांगतो. व्यायाम शिकवायला माणूस येईल, तो चालवेल. त्यानं हाताला धरल्याशिवाय जमिनीला पाय लावायचा नाही. आता दुसऱ्यांदा पडलात, तर मग पुढे चाकाची खुर्चीच."

चाकाची खुर्ची चौथ्या मजल्यावर जात नाही, हे डॉक्टरांना कुणी सांगायचं? घरी नवरा होता. रखवालदारीतून कधीच निवृत्त झालेला, डोळ्यांनी अधू, पण घरात कुठली वस्तू कुठे आहे ते हातानं ओळखणारा. त्या दोन खोल्यांबाहेर तो आंधळाच. मुलगी म्हणाली होती, "आई, नाही जमलं तर दोघं आमच्याकडे या. हॉलमध्ये पलंग टाकू." मुलगी चांगली, जावईही चांगला. पण हॉलमधल्या पलंगावर झोपलेल्या म्हातारीकडे घर कसं बघतं, ते मावशीनं भेटायला येणाऱ्यांच्या तोंडावर रोज वाचलं होतं. तिला आपल्या पायांनी आपला जिना चढायचा होता. एवढंच मागणं होतं, आणि ते एका पायावर उभं होतं.

वॉर्ड भरलेला होता, रिकामी खाट एकच, खांबामागची. हेड सिस्टरना तोंड वर करून बोलवेना. "मोठ्या मावशी, दाराजवळची रिकामी झाली की लगेच हलवते. तुम्ही घरच्याच, समजून घ्याल."

"असू दे हो सिस्टर. खाट ती खाट."

ऑपरेशनच्या गुंगीतून नीट जाग आली तेव्हा तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. आधीची बाई सकाळीच घरी गेलेली, आणि बटण खिळ्यालाच अडकवून ठेवलेलं. मावशी ते पाहत पडून राहिली. संध्याकाळी मुलगी बापाला हाताशी धरून आली, तिनंही पाहिलं.

"आई, ते बटण वर का टांगलंय?"

"वायर मधेमधे येते म्हणून."

"मग काही लागलं तर?"

"मला कशाला लागतंय? इथल्या सगळ्या माझ्या हाताखाली तयार झाल्यात."

ते खोटं नव्हतं. दुपारच्या पाळीची धाकली मावशी, जिला सगळे नुसतं धाकली म्हणत, ती तर तिनंच घडवलेली. खाट न हलवता चादर कशी बदलायची इथपासून रडणाऱ्या बाईशी काय बोलायचं इथपर्यंत सगळं धाकली तिच्याकडूनच शिकली. नेहमी भेटायच्या वेळेआधी बटण खाली घेतलं जायचं. या वेळी कुणीच घेतलं नाही. घरच्या माणसासाठी कोण देखावा करतं? आणि मावशीनं मागितलंही नाही. मागायचं म्हणजे घंटावाली व्हायचं. ज्या नावानं आपण इतक्या जणींना हाक मारली ते आपल्या पाठीमागे कुणी उच्चारावं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. आजारी आया ही जगातली सगळ्यात शहाणी रोगी. कुठली हाक कशानं लांबते ते तिला ठाऊक, म्हणून ती हाकच मारत नाही.

शेजारच्या खाटेवर शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई होत्या. पाय वजन लावून वर टांगलेला, त्यामुळे जागचं हलणं नाही, पण तोंड शाबूत. त्यांना चहा गार लागायचा, चादर खरखरीत लागायची, सिस्टरचा आवाज कर्कश लागायचा. पलीकडे दाराजवळ मनगट मोडलेल्या एक आजी होत्या, त्या येईल त्याला म्हणायच्या, "मुलीनं केलं नसतं इतकं करतात हो." शिवणबाई ते ऐकून म्हणायच्या, "त्यांच्या खाटेवर सूर्य उगवतो. आपल्या बाजूला अमावस्या."

"सगळं मिळतं हो बाई. थोडं थांबावं लागतं," मावशी म्हणायची.

"थांबायला माझी ना नाही. कुणी येणार आहे हे कळलं तर माणूस दिवसभर थांबेल."

मावशीनं डोळे मिटून घेतले.

मग ती दुपार आली. सकाळी लघवीची नळी काढली होती आणि डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. शहाण्या रोग्यासारखी ती प्यायलीही. धाकली जेवणाचे ट्रे गोळा करताना म्हणाली, "पॅन देऊ का, मोठ्या मावशी?" तेव्हा लागलेलं नव्हतं. "लागलं की सांगा हं," म्हणत धाकली गेली. कसं सांगायचं, ते दोघींपैकी कुणीच बोललं नाही.

जेवणानंतर वॉर्ड पेंगायला लागला आणि तिला लागली. आधी तिनं मन दुसरीकडे वळवून पाहिलं. घरी नवऱ्यानं गॅस नीट बंद केला असेल का, भाजीवाल्याचे उरलेले टोमॅटो सडले असतील, असलं काहीबाही. मग एक हाक मारली, "अगं धाकले." घसा ऑपरेशनपासून बसलेला, वर पंखा घरघरणारा. हाक खांबाच्या पुढे गेली नाही. मोठ्यानं ओरडणं शक्य होतं, पण ओरडणाऱ्या बायकांना वॉर्डात याहून वाईट नाव होतं, आणि तेही तिनंच पाडलेलं.

"काय हवंय, मावशी?" शिवणबाईंनी मान वळवून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? घाम फुटलाय तुम्हाला."

उत्तराची वाट न बघता त्यांनी आपलं बटण दाबलं. लांबवर किरकिर झाली. चहाच्या खोलीतून धाकलीचा आवाज आला, "थांबा, येते हं."

मोठ्या मावशीला तो सूर ओळखीचा होता, कारण तो तिचाच होता. हे वाक्य बशीत चहा ओतताना म्हणायचं असतं. ते म्हणायला उठावं लागत नाही. धाकली नवी होती तेव्हा प्रत्येक दिव्याला धावायची, संध्याकाळी तिचे पाय सुजायचे. तेव्हा मावशीनंच तिला खाली बसवून समजावलं होतं, "घंटावालीचा दिवा लागला की आधी आपला चहा संपवायचा. निम्म्या वेळा तिचं काम आपोआप होऊन गेलेलं असतं." त्या दिवशी ते पोरीच्या भल्यासाठीच सांगितलं होतं. आजही ते भल्याचंच होतं, फक्त पोरीच्या.

शिवणबाईंनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा "येते हं." तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा उत्तरही आलं नाही.

खांबाला टेकून वॉकर ठेवला होता. हात लांबवला असता तर पोचला असता. संडास समोरच. मोठ्या मावशीनं कोपरांवर जोर दिला, चांगला पाय खाटेच्या कडेला आणला. एवढंसं तर अंतर. जन्मभर तिनं इथून तिथपर्यंत किती बायकांना खांद्यावर तोलून नेलं होतं, आणि आता एकटीला नेता येत नव्हतं.

"उठू नका," शिवणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नेहमीची कुरकुर नव्हती. "पडाल. मला उठवता यायचं नाही तुम्हाला."

मावशीच्या डोळ्यांसमोर जिना आला. घसरताना दिसलेला, वर वर जाणारा. आणि चौथ्या मजल्याच्या दारात चौकटीला हात लावून उभा असलेला नवरा. पाय वाचवायचा की लाज, असा हा हिशेब होता, आणि त्यात दोन्ही शिल्लक राहणार नव्हतं. तिनं पाय परत खाटेवर घेतला आणि आडवी झाली.

थोड्या वेळानं चादर ओली झाली. आधी ऊब आली आणि मग गारवा. तिला रडू आलं नाही, राग आला. पण तो काढायचा कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. धाकलीवर काढावा तर ती शिकवल्याप्रमाणे वागत होती. ज्या बायकांना हे इथे, या खाटेवर झालं होतं, त्यांना आपण चादर बदलताना काय म्हणालो होतो, ते तिला आठवायला लागलं आणि आठवणं थांबेना. लहान मुलासारखं काय करता, असं एकीला म्हटलं होतं. ती कोणीतरी निवृत्त मुख्याध्यापिका होती.

शिवणबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं आणि त्या झोपेचं सोंग घेऊन पडल्या होत्या. वॉर्डभर नावं ठेवणारी ती बाई त्या वेळी जितकी गप्प राहिली, तितकं हळुवार त्या हॉस्पिटलात तोवर मावशीशी कुणी वागलं नव्हतं.

अखेर धाकली आली, पदराला हात पुसत. "काय हो बाई, सारखं बटण? आम्हाला दोनच हात आहेत."

"मला काही नकोय," शिवणबाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघा."

धाकलीनं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. तिनं पडदा ओढला, कोमट पाणी आणलं, वरची चादर गळ्यापर्यंत घेतली आणि खालून काम सुरू केलं. दोन्ही गुडघ्यांत उशी देऊन, दुखरा पाय तळहातावर तोलत तिनं मावशीला कुशीवर घेतलं. ओली चादर गुंडाळत नेली, कोरडी तिच्या मागोमाग पसरत आणली. कुठे हिसका नाही, कुठे उघडं नाही. आणि हात चालू असताना ती बोलायला लागली.

"मोठ्या मावशी, सांगायचं राहिलंच. माझ्या पोरीला शाळेत धावण्यात बक्षीस मिळालं. मोठा कप आहे. तिचा बाप म्हणतो, यात आमटी वाढा."

मोठी मावशी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. चादर बदलताना चादरीबद्दल बोलायचं नाही, काहीतरी घरचं, हसण्यासारखं सांगत राहायचं, म्हणजे माणसाला उघडं वाटत नाही. हेही तिनंच शिकवलं होतं. पुढे आपण स्वतः ते विसरलो, धाकली विसरली नाही. ज्या हातांनी तिला एवढा वेळ ओलं होऊ दिलं तेच हात तिला आता आईसारखं कोरडं करत होते, आणि दोन्ही तिचंच देणं होतं. तेव्हा मात्र तिला रडू आलं.

"दुखलं का?"

"नाही गं. कप केवढा आहे, सांग."

धाकलीनं हातानं दाखवला. मग उशी नीट करता करता तिचं वर लक्ष गेलं. "अगं बाई. हे राहिलंच की वर." तिनं बटण काढून मावशीच्या हातात दिलं. "तुम्ही सांगायचं ना मला."

"तो खिळाच काढून टाक."

धाकलीनं आधी हातानं ओढून पाहिला, मग कात्रीची मूठ लावून. भिंतीचा रंग निघाला, खिळा तसूभर हलला नाही.

"कुणी ठोकलाय कोण जाणे, जाम बसलाय."

"मी ठोकून घेतलाय."

धाकलीनं कात्री खाली ठेवली. "पण मोठ्या मावशी, खिळा काढून काय होणार? दुपारी आम्ही दोघीच असतो. आज त्या वेळी तिकडे दोघींना ऑपरेशनहून आणलं होतं, मी चहाचा कप हातात घेतला तो दुपारी पहिल्यांदा. तुम्हीच सांगा, काय करू?"

मोठ्या मावशीनं नुसता धाकलीचा हात थोपटला आणि म्हणाली, "जा, चहा गार झाला असेल तुझा."

पाय वाचला. व्यायामवाला आला, त्यानं वॉकर धरून तिला दारापर्यंत नेलं, मग जिन्याच्या दोन पायऱ्या चढवल्या, मग बऱ्याच. दाराजवळच्या आजी चांगला हात खाटेवर थोपटत म्हणाल्या, "बघा, किती करतात हो." शिवणबाई खांबाजवळून म्हणाल्या, "केलं त्यांनी स्वतः." घरी गेली त्या दिवशी मुलगी मागे, नवरा वर दारात, अशी ती प्रत्येक वळणावर बसत बसत चौथा मजला चढली. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं स्टूल आणून दिलं आणि विचारलं, "काय मावशी, कसं आहे तुमचं हॉस्पिटल?"

"डॉक्टर चांगले आहेत," ती सवयीनं म्हणाली. मग दम खाऊन पुढे म्हणाली, "खांबामागची खाट दिली तर बदलून मागा."

कामावर परत घेतलं तेव्हा हेड सिस्टरनी तिला बसायचं काम दिलं. टेबलाशी खुर्ची, कापसाचे बोळे करायचे, पट्ट्या गुंडाळायच्या. हातात काठी. खिळा अजून भिंतीत आहे. त्यावर ती सकाळी आली की आपली जुनी छत्री अडकवून ठेवते, पाऊस असो नसो. खांबामागे आता एक नवीन बाई आली होती. बडबडी, रागीट, दिवसभर बटण दाबणारी. धाकलीच्या ओठांवर जुनं नाव आलं होतं, पण मोठी मावशी शेजारी बसलेली पाहून तिनं गिळलं.

दुपारी टेबलावर चहा आला. कपाला हात लावते न लावते तोच लाल दिवा लागला.

"तुम्ही बसा," धाकली अर्धवट उठत म्हणाली. "तिला काही नको असतं. परवापासून नुसतं वाजवतेय."

मोठ्या मावशीनं कपावर बशी झाकली आणि काठी घेतली. वॉर्ड कधी नव्हे इतका लांब वाटला. खुबा दुखत होता, दोन्ही बाजूंच्या बायका मान वळवून बघत होत्या. मधे थांबून तिनं एका खाटेचा गज धरला, श्वास घेतला आणि पुन्हा निघाली. खांब ओलांडून गेली तेव्हा ती बाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती.

"कुणी येत नाही इथे. मेलं तरी कुणी येत नाही."

मोठ्या मावशीनं खाटेच्या कडेला हात टेकला.

"आले," ती म्हणाली.